गाडीवाटेवरचा वाल

हेमालीने मोबाइल थेट गुणाबाईच्या नाकासमोर धरला. वाल निंदायला बसलेल्या गुणाबाईने मान मागे घेतली.

"डोल्यांत घालतंस का गो?"

"मोठी काकी, नीट बघ. बाबांच्या शेडला परवानगी नाकारली ना, तेव्हाचा सरकारी फोटो. यात वाट कुठाय?"

फोटोत नुसता वाल होता, गुडघाभर, हिरवागार. खाली लिहिलं होतं : रस्ता अस्तित्वात नाही, उभे पीक.

हेमालीच्या बाबांना, मनोजला, खारबावच्या आपल्या जमिनीत शिवणकामाची शेड टाकायची होती. चाळीस बायकांना गावातच काम. त्यात पहिली हेमालीची आई. ती रोज मानकोलीच्या गोदामात उभ्याने ड्युटी करून यायची आणि आल्या आल्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायची. नकार आला तसे बाबा हायकोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, जागा पुन्हा बघा. शेडला जायला वाट आहे की नाही ते नीट लिहून आणा. ते बघायला सर्व्हेअर आजच येणार होता. दहावीतल्या हेमालीने शाळेला दांडी मारली होती, आणि केस आपणच लढतोय अशा थाटात ती सकाळपासून मिरवत होती.

वाट होतीच. गुणाबाई नवरी होऊन आली ती याच गाडीवाटेने. पुढे बैल गेले, गाडी गेली. भात कापल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल टाकायचा, हे हाताला लागलेलं वळण. एवढी ऐसपैस पट्टी तिला मोकळी बघवेना, म्हणून तिने वाटेवरही वाल टाकला. पलीकडच्या शेताचा हाशिम म्हणाला, वाट दोघांची आहे. ही म्हणाली, माझं शेत हाय. तेव्हापासून चार वर्षं दोघांत अबोला.

"उपटून टाकू या?"

"शेंगा लागल्यान त्याला. हात लावून तर बघ!"

"मग साहेबांना सांग, ही वाट आहे म्हणून."

"त्या हाशिमच्या समोर?"

"आईचे पाय बघितलेस का तू?"

तण म्हणून गुणाबाईने जे उपटलं, ते वालाचं रोप होतं.

अकरा वाजता सर्व्हेअर आला. दोन्ही बाजूच्या मालकांना त्याने बोलावून घेतलं.

"ही वाट आहे की शेत?"

मनोज भावजयीकडे न बघता चपलेने ढेकूळ फोडत राहिला. गुणाबाईने पदर खोचला.

"वाट हाय. मी हिच्यावरनंच नांदाया आले."

हेमालीने मुठी आवळल्या. जिंकलो!

"मग वाल कोणी पेरला?" सर्व्हेअरने पेन थांबवलं. "वाट अडवली असं लिहावं लागेल. नाव सांगा."

गुणाबाईने खोचलेला पदर पुन्हा सोडला.

"आम्ही दोघांनी, साहेब," बांधावरून हाशिम म्हणाला. "लिहा ना. वहिनीने आणि मी. शेंगा उतरल्या की मोकळी करून देतो."

सर्व्हेअरने दोघांची नावं लिहिली.

गुणाबाई वाल तुडवत बांधापाशी गेली. हाशिमला तिने खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लई दाट पेरलास रे, हाशिम," ती म्हणाली. "एवढा दाट पेरतान का कुनी?"