सिड्सेलचे टाके

ब्रोगार्ड घराण्यात बाप्तिस्म्याचा झगा एकच. पांढरा, लांबलचक, डेन्मार्कहून आलेला. बाळ कुणाचंही असो, त्यातच घालायचं आणि त्याचं नाव पांढऱ्या धाग्याने घेरावर भरायचं. मग कॉफीच्या वेळी थ्यूरा आत्या ठरलेली गोष्ट सांगायची. तिच्या आजीने, सिड्सेलने, हा झगा शिवला, दोन वर्षांच्या आंडर्सला कडेवर घेऊन न्यूझीलंडच्या जहाजात चढली आणि वाटेत तापाने गेली. समुद्रात सोडलं बिचारीला. सगळे हळहळायचे आणि केकचा दुसरा तुकडा उचलायचे.

बोडिलनेही ही गोष्ट साठ वर्षं ऐकली आणि केक खाल्ला. पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिचे डोळे तयार झाले होते. लेकीला, लीअ‍ॅनला, मुलगी झाली म्हणून झगा धुवायला काढला तेव्हा तिने घेरावर प्रथमच भिंग धरलं. पहिलं नाव आंडर्सचं, १८७१. मग १८९९ पासून १९२५ पर्यंत आठ नावं. पुढची नावं वेगवेगळ्या हातांची, पण ही नऊही एकाच हाताची, प्रत्येकाच्या शेवटी डावीकडे वळलेला तोच हट्टी टाका. म्हणजे १८७३ साली समुद्रात सोडलेली बाई १९२५ साली बोडिलच्या थोरल्या भावाचं नाव भरत होती. त्या नावाखाली आणखी काहीतरी भरून उसवलेलं होतं. धागा गेला होता, सुईची भोकं राहिली होती. बोडिलने त्यांवरून नख फिरवलं. सिड्सेल.

हे नाव नातीच्या, रूबीच्या, बाप्तिस्म्याआधी परत जागेवर घालायचं, असं तिने तिथेच ठरवलं. पण आधी ते काढलं कुणी आणि का, हे कळायला हवं होतं. जहाजाच्या यादीत सिड्सेल जिवंत उतरलेली सापडली. चर्चच्या दफनवहीत ती नव्हती. सापडली ती वेड्यांच्या इस्पितळाच्या जुन्या कागदांत, आणि तिथे भरपूर सापडली.

१८७९. रानात मूल जन्मलं आणि पाद्री येण्याआधीच मेलं. आई मेलेल्या मुलाला झग्यात गुंडाळून तीन दिवस बसून. पाद्र्याला आणा म्हणते. नवऱ्याने झगा ओढून घेतला तेव्हा त्याला चावली.

१८८४. बरी आहे. घरी न्यायला हरकत नाही. नवऱ्याचं उत्तर: सध्या सोयीचं नाही.

१८९९. मुलाकडून पार्सल. झगा, धागा, चिठ्ठीवर एक नाव. काम फार सुरेख. नातू कधी दाखवणार विचारते. पुढच्या वेळी, असं तिला सांगावं ही मुलाची विनंती.

त्यानंतर दर तीनचार वर्षांनी पार्सल आणि दर पार्सलला 'पुढच्या वेळी'. बोडिलने ते सात वेळा वाचलं. हा मुलगा म्हणजे तिचे लाडके आजोबा आंडर्स, तिला मांडीवर बसवून सफरचंद सोलून देणारे. अकरा खोल्यांच्या घरात त्यांना आईपुरती जागा सापडली नव्हती.

१९२५. या वेळी तिने काही विचारलं नाही. बाळाच्या नावाखाली स्वतःचं नाव भरलं.

१९२६. वारली. मुलाला तार केली. उत्तर नाही.

थ्यूरा आत्या शहाऐंशीची. बोडिलने टेबलावर कागद ठेवले, आत्याने ते बाजूला सारून कॉफी ओतली.

"सत्तेचाळीस वर्षं, आत्या! इथून गाडीने दोन तासांवर!"

"तेव्हा गाडी होती का आपल्याकडे? साखर घे."

"तुला माहीत होतं."

"सगळ्या गावाला माहीत होतं. गावाला तोंड बंद ठेवता यायचं तेव्हा. आत्ताचं माहीत नाही."

"नाव कुणी उसवलं?"

"मी." आत्याने चष्मा पुसला. "तेरा वर्षांची होते. नजर बारीक म्हणून आईने माझ्याच हातात कात्री दिली. नीट बघ, कापडाला ओरखडा तरी आहे का?" त्र्याहत्तर वर्षांनीही तिला शाबासकी हवी होती.

"तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना. वेडीची नात म्हणून मला कुणी पत्करलं असतं? आधीच बोभाटा झाला असता तर तुझ्या बापाला कुणी मुलगी दिली असती? तू जन्मली असतीस का, न्यायाधीशीणबाई? आणि तिचे काय हाल होते गं? सुई आपली, धागा आपला. वेळ जात होता तिचा."

बोडिल कॉफी तशीच टाकून निघाली. झगा तिच्याच घरी होता, सुई तिचीच होती, आत्याची परवानगी गेली खड्ड्यात. लेकीला मात्र सांगायला हवं होतं, कारण मूल तिचं.

लीअ‍ॅन बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. केस विंचरलेले नव्हते. बोडिलने जेमतेम निम्मं सांगितलं असेल. इस्पितळ, सत्तेचाळीस वर्षं. पार्सलांपर्यंत ती पोचलीच नाही.

"आनुवंशिक असतं का गं ते?" लीअ‍ॅनने विचारलं.

"अगं, तिचं मूल मेलं होतं..."

"आई, मला दहा दिवस झाले नुसतं रडू येतंय. सासूबाई माझ्याकडे टक लावून बघतात. आणि तू त्या वेडीचं नाव माझ्या पोरीच्या नावाशेजारी भरणार? चर्चमध्ये, सगळ्यांसमोर?"

"पांढऱ्यावर पांढरं आहे. कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल ना!" ती ओरडली. रूबी दचकून रडायला लागली. बोडिलने हात पुढे केले, तशी लीअ‍ॅन दोन पावलं मागे सरकली. "ते नाव भरलंस तर मी दुकानातून झगा आणते. मग तू चर्चला आली नाहीस तरी चालेल. आणि इथेही नाही आलीस तरी."

बोडिल हात पुढे करून तशीच उभी राहिली. लीअ‍ॅनला बहुधा आईची कीव आली. आवाज मऊ करून म्हणाली, "असं तोंड करू नकोस गं. पुढच्या वेळी भरू. दुसरं झालं की. नक्की."

बोडिलने तोंड उघडलं. 'पुढच्या वेळी' म्हणजे काय ते सांगायला तिच्याकडे सात पुरावे होते. तिने ते सांगितले नाहीत.

रूबीचं नाव तिने तीन दिवसांत भरलं. भोकांच्या जागेपासून चार बोटं लांब. काम फार सुरेख झालं. शनिवारी सकाळी ती झगा घेऊन गेली. लीअ‍ॅनने तो खिडकीपाशी नेला, घेर सबंध फिरवून पाहिला, आतली बाजूही उलटून पाहिली. नवं नाव एकच आहे अशी खात्री झाली, तेव्हा तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं.