जोतीमागचा गुंड

मी राहते नागपुरात, नंदनवन वस्तीत. पण चैत्र लागला की जीव कुहीकडच्या माहेराकडं ओढ घेतो. हनुमान जयंतीला आमच्या गावचा सप्ताह संपतो. काल्याचं कीर्तन झालं की देवळातली जोत जंगलातून टेकडीवरच्या महादेवाला न्यायची, ही रीत माझे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका रामाजी यांनी घातलेली. ते गेल्यापासून जोत माझा भाऊ धोंडबा नेतो.

लहानपणीची ती वाट अजून डोळ्यांपुढं आहे. भर चैत्रात ओढ्याला घोटाभर पाणी, मोहाचा गोड वास, पुढं कीर्तनकार मधुकरबुवांचा अभंग आणि मागं टाळ कुटत आम्ही पोरं. ऊन कोणाच्या ध्यानातही नसायचं.

यंदा कीर्तनाआधीच धोंडबाच्या मोबाईलवर मेसेज आला. उन्हाळाभर जंगलातल्या आगीवर नजर ठेवायचं काम तो करतो, त्यामुळं असे मेसेज त्याला येतच असतात. दुपारनंतर जोराचा कोरडा वारा सुटणार, पालापाचोळा पार वाळला आहे, जंगलात कोणी विस्तव नेऊ नये.

जोत न्यायची नाही, असं त्यानं सांगितलं मात्र, मोठीमाय उखडलीच. मोठीमाय म्हणजे रामाजींची रुखमाबाई. एक पान तरी हालून राहिलं का, असं तिनं विचारलं. खरंच, तेव्हा पिंपळही गप्प उभा होता.

"काहून गा धोंडबा, मोबाईलातल्या वाऱ्याले भेलास का? तुह्या मोठेबाबाची जोत माह्या डोळ्यादेखत बंद पाडून राहिला."

"मोठीमाय, एक ठिणगी पडली तं महादेवाभोवती राखच राहीन."

तिनं पदर डोळ्यांना लावला.

मधुकरबुवा आता थकलेत, बसूनच कीर्तन करतात. हे सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. कीर्तनात एक चरण गाऊन झाल्यावर त्यांनी टाळकऱ्यांना हातानंच थांबवलं.

"रुखमाबाई, रामाजी जोत घेऊन चालत, तवा त्याईच्या मागं कोण राहे वं?"

तिनं डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"मी," ती म्हणाली. "पाण्याचा गुंड घेऊन."

मला एकदम त्या पितळी घागरीतलं गार पाणी आठवलं. जोतीची काजळी पडली, तेल ठिबकलं की मोठीमाय तिथं ओंजळभर पाणी शिंपायची, आमच्या अनवाणी पायांवर थेंब उडायचे. ओढ्याशी गुंड पुन्हा भरायचा. पुढं ओढा चैत्राआधीच आटू लागला आणि गुंड घरीच राहिला. जोत तेवढी जात राहिली.

"जोत रामाजीची, तसा गुंड तुमचा," बुवा म्हणाले. "जोत यंदा देवाजवळ राहू द्या. गुंड न्याले कोणाची ना हाय?"

काला वाटून झाला. जोत गाभाऱ्यात ठेवली. मोठीमायनं घरून पितळी गुंड आणवला आणि नळावर भरून घेतला. धोंडबा उचलायला वाकला, तर त्याला तिनं टाळ धरायला सांगितलं.

ओढ्याच्या कोरड्या गोट्यांवरून आम्ही गात गेलो. पिंडीवर पाणी ओतताना मोठीमाय पुटपुटत होती. देवाशी की मोठेबाबांशी, मी विचारलं नाही.

उतरताना वारा सुटला. पळसाची पानं आमच्या पुढं पुढं धावू लागली, डोक्यावर पदर ठरेना. मोठीमाय रिकामा गुंड काखेत धरून थबकली, सरसरत्या जंगलाकडं तिनं एकवार पाहिलं.

"पुढच्या साली मेसेज आला का लवकर सांगजो गा धोंडबा," ती म्हणाली. "गुंड चिंचेनं घासाले येळ लागते."