दाद वगळून

जैन बस्तीत देवाचं दर्शन घेऊन घरी येताना रोहिणीताईंच्या ध्यानात आलं, की आपल्याला नवऱ्याचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, शर्टाच्या बाह्या दुमडायची तऱ्हा आठवते. आवाज मात्र काही केल्या कानाशी येईना. त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या. "रोहिणी, चहा टाक," हे नवऱ्याचं रोजचं बोलणं मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तर ते ताईंच्याच आवाजात ऐकू आलं.

भूपाल मगदूम जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पण आवाज त्यांच्या कितीतरी आधी गेला होता. घशात गाठ निघाली, मिरजेला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. त्यानंतरची सगळी वर्षं ते पाटीवर लिहून बोलायचे. लिहायचे, दाखवायचे, फडक्यानं पुसायचे. ताईंना त्याची इतकी सवय झाली, की हा माणूस एके काळी गल्लीच्या टोकावरून हाक मारायचा हे खरं वाटेना.

भूपाल मूळचे कबनूरचे. घरचे माग भावाच्या हवाली करून ते कोल्हापुरात आले, पाण्याच्या मोटारींचं दुकान टाकलं आणि गाण्याच्या नादी लागले. नाद कसला, वेडच ते. गावात कुठंही बैठक असली, की हे सूर्यास्ताच्या आत जेवून टेपरेकॉर्डर घेऊन हजर. गवयाला नमस्कार करून परवानगी मागायची, माइक पुढं ठेवायचा आणि शेजारीच मांडी घालायची. दर रविवारी मंगळवार पेठेत उदयसिंह मोहित्यांच्या माडीवर पाच-सहा जण जमायचे आणि या कॅसेटी ऐकायचे. ऐकायचे कमी, भांडायचे जास्त. टेप जलद चालली म्हणून पट्टी चढलीय का, हा श्री राग आहे की मध्येच पूरिया धनाश्रीकडं वळला, यावरून चहा गार व्हायचा.

त्या सगळ्या कॅसेटींत गवयाच्या खालोखाल ऐकू यायचे ते भूपाल. इतर लोक "वा" म्हणत, "क्या बात है" म्हणत. यांचं एकच होतं. गवई लांबलचक तान घेऊन समेवर उतरला, की हे मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आलं की!" बैल गोठ्यात परतल्यासारखं. धारवाडकडचे एक बुवा तर समेला आले की आधी यांच्याकडं बघायचे. ताई एक-दोनदा सोबत गेल्या होत्या. गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, डुलकी लागायची, आणि नेमकी या ओरडण्यानं जाग यायची. लोकांत कशाला ओरडता, असं त्यांनी घरी येऊन सुनावलंही होतं.

त्या दिवशी बस्तीतून आल्यावर ताईंनी घर धुंडाळलं. मुलाच्या, सम्मेदच्या लग्नाची चित्रफीत सापडली, पण फोटोवाल्यानं तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवली होती. भूपाल तोंड हलवताना दिसत होते, एवढंच. त्या काळी घरातला फोन बटणांचा, त्यात काही साठवायची सोय नव्हती. बंगळुरूला सम्मेदला विचारलं. तो म्हणाला, "आई, माझ्याकडं पण न्हाय गं."

मग त्यांना कॅसेटी आठवल्या. त्यांनी उदयसिंहांना फोन केला. उदयसिंह म्हणाले, "वहिनी, कॅसेटी आता कुठल्या? सगळं आदर्शनं कॉम्प्युटरवर घेतलंय. ग्रुपवर दर रविवारी एक टाकतो तो. तुम्हाला ॲड करतो की."

आदर्श हा त्या बैठकीतला सगळ्यांत तरुण श्रोता. पुण्यात नोकरीला, गाणं ऐकायला म्हणून महिन्याआड कोल्हापूर गाठणारा. पुरात उदयसिंहांच्या तळघरात पाणी शिरलं, भूपालनी तिथं ठेवायला दिलेल्या कॅसेटींना बुरशी धरली, तेव्हा त्यानंच त्या पुण्याला नेल्या होत्या. एकेक पट्टी पुसून, वाळवून, वर्षभर खपून त्यानं त्यांतलं गाणं वाचवलं. ग्रुपवर त्याचं कौतुक संपत नव्हतं. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली लोक भरभरून लिहीत. स्टुडिओत बसून गायल्यासारखं वाटतंय, तानपुऱ्याची तार न् तार मोकळी ऐकू येतीय, पूर्वी हा निषाद खरखरीत बुडायचा तो आता स्पष्ट लागलाय.

ताईंना निषाद नको होता. पहिलं रेकॉर्डिंग लावून, कानांत इअरफोन घालून त्या खिडकीपाशी बसल्या. मारवा होता. बुवा संथपणे एकेक सूर लावत होते. ताई एका जागी, श्वास आवरून, एका माणसाची वाट बघत होत्या. बुवा समेला आले. काही नाही. पुन्हा आले. काही नाही. गाणं संपलं. टाळ्यासुद्धा वाजल्या नाहीत.

या बैठकीला हे गेले नसतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि दुसरं लावलं. मग तिसरं. आठवडाभर घरातली कामं तशीच टाकून त्या ऐकत राहिल्या. हळूहळू सम कुठं येणार हे त्यांना आधीच कळायला लागलं. जन्मभर नवऱ्यानं समजावून जे कळलं नव्हतं, ते आता आपसूक कळत होतं. तबल्याचा बोल जवळ यायचा, छाती भरून यायची, आणि ती जागा रिकामीच निघून जायची.

शेवटी न राहवून त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "यांत ह्यांचा आवाज कुठंच का नाही?"

तासाभरानं आदर्शचा फोन आला.

त्यानं सगळं सांगितलं, आणि सांगताना तो सारखा अडखळत होता. सॉफ्टवेअरनं पंख्याची घरघर काढता येते, खोकला काढता येतो, कपबश्यांचा आवाज काढता येतो, आणि बोलणंही काढता येतं. पट्ट्या इतक्या खराब होत्या की एकदाच वाजल्या, वाजता वाजताच त्यांचा थर सुटून आला. त्या फेकून द्याव्या लागल्या. साफ करायच्या आधीचं मूळ रेकॉर्डिंग काही दिवस त्याच्याकडं होतं, तेही त्यानं पुसलं.

"पण ह्यांचं बोलणं का काढलंस?" ताईंनी विचारलं.

आदर्श म्हणाला, "काकू, काकांनीच सांगितलं. मी पहिलं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवायला घरी आलतो. तुम्ही हातकणंगल्याला लग्नाला गेलता. मला वाटलं, स्वतःचा आवाज ऐकून त्यांना बरं वाटंल. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि इअरफोन काढून ठेवले. पाटीवर लिहिलं, माझं ओरडणं काढ, गाणं तेवढं ठेव. मी नको म्हणलो. त्यांनी पुन्हा तेच लिहिलं, खाली रेघ मारून. आधीचं काही ठेवू नकोस असंही लिहिलं. आणि पाटी पुसली."

ताईंनी फोन ठेवला आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. ऑपरेशननंतर भूपालनी घरात कॅसेटी लावणं सोडलं होतं. रविवारी माडीवर जायचे, तिथं दुसऱ्यांनी आणलेली रेकॉर्डिंग ऐकायचे, पण आपली कधी लावू द्यायचे नाहीत. ताईंना वाटायचं, दुखण्यानं गाण्यातला जीव उडाला. आता कळलं, त्या माणसाला स्वतःचा आवाज सोसवत नव्हता. गेलेला हात भिंतीवर टांगून ठेवावा, तसं ते त्यांना झालं असणार. एवढं मोठं दुःख त्यांनी पाटीवर लिहून पुसलं, आणि शेजारी झोपणाऱ्या बायकोला त्याचा पत्ता लागला नाही.

पुढच्या रविवारी उदयसिंह स्वतः त्यांना न्यायला आले. आदर्श पुण्याहून आला होता, त्याला काहीतरी सापडलं होतं. ताई पहिल्यांदाच त्या माडीवर चढल्या. सगळे उठून उभे राहिले. भिंतीला टेकून बसायची भूपालची जागा रिकामी ठेवली होती. ताई तिथं न बसता शालूबाईंच्या शेजारी बसल्या. शालूबाई शाळेत गाणं शिकवायच्या, बैठकीतल्या जुन्या.

आदर्शनं लॅपटॉप उघडला. केदार रागातली एक जागा होती. बुवांचा सूर आणि भूपालची दाद तिथं एकमेकांवर पडली असणार, म्हणून सॉफ्टवेअरला ती नीट काढता आली नसावी, असं त्याचं म्हणणं. त्यानं ती जागा लावली. समेवर बुवांच्या आवाजाला किंचित जाडी आल्यासारखी वाटली, पापणी लवावी इतकीच.

"भूपालरावच," शालूबाई म्हणाल्या.

एक जण म्हणाला, तो तबलजीचा हुंकार असेल. दुसऱ्यानं पुन्हा लावायला सांगितलं. उदयसिंह चिडले, इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलोय, मला वळखू येणार न्हाय व्हय, असं त्यांनी सुनावलं. बघता बघता जुनी भांडणं पेटावीत तशी माडी बोलायला लागली. पट्टी, लय, माइक कुठल्या बाजूला होता, सगळं निघालं. बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, की जिच्यासाठी हे चाललंय तिला कुणी विचारलंच नाही. सगळे ताईंकडं बघू लागले.

"पुन्हा एकदा लाव, बाळ," त्या म्हणाल्या.

आदर्शनं लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. अजून एकदा ऐकलं. त्या सगळ्यांना किती वाटत होतं की ताईंनी हो म्हणावं, हे डोळे मिटूनही त्यांना दिसत होतं.

"असतील बी," त्या म्हणाल्या. "पर मला वळखू येईना. वळखायला आधी ध्यानात असावं लागतं, आणि तेच ऱ्हायलं न्हाय."

आदर्शनं लॅपटॉप मिटला आणि हातांत तोंड लपवून तो रडायला लागला. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याचं काही चुकलं नाही असं सांगितलं. तसं त्यांना खरोखरच वाटत होतं. राग होता तो वेगळ्याच माणसावर.

उदयसिंह जिन्यापर्यंत सोडायला आले. खाली उतरता उतरता ताई थांबल्या.

"भावजी, त्यांचा आवाज, त्यांनी काय बी करावं. पर एकदा मला इचारायचं की. त्यो आवाज काय एकट्या त्यांचाच होता व्हय?"

उदयसिंहांनी मान खाली घातली.

ताईंनी ग्रुप सोडला नाही. दर रविवारी आदर्श नवं रेकॉर्डिंग टाकतो. खाली लोक लिहितात, वाद घालतात, क्वचित कुणी जुन्या बैठकीची आठवण काढतो. ताई ते सगळं सावकाश वाचतात. मग फोन पालथा ठेवतात आणि सांजेच्या आत जेवून घ्यायला उठतात. गाणं त्या लावत नाहीत.