तिसऱ्या बाकावरची हजेरी

मित्रांनो, अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावी कला शाखेच्या वर्गात, दाराशेजारी जो रंग उडालेला लाकडी फलक टांगलेला आहे ना, तोच मी. बोलायची मला सवय नाही. माझ्यावरचं लोकांनी वाचावं, एवढंच माझं काम. पण गेल्या डिसेंबरात या वर्गात जे घडलं ते माझ्या पोटात राहत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म दोन मोडक्या बाकांतून झाला. इतिहासाच्या मोरोपंत सरांनी सुताराकडून त्यांच्या फळ्या जोडून घेतल्या, हिरवा रंग दिला आणि स्वतःच्या हातानं वर लिहिलं, ‘या वर्गाची उद्दिष्टे आणि अपेक्षा’. जुन्या मुलांनी कंपासच्या टोकानं कोरलेली नावं मात्र रंगाखाली तशीच राहिली. दमट हवेत ती फुगतात. तेव्हा माझ्या अंगात कोणीतरी कूस बदलतंय असं वाटतं.

पहिलं उद्दिष्ट सरांनी फार जपून लिहिलं होतं. ‘प्रत्येक घटनेत कोण बोलले ते पाहावे, आणि कोणाला बोलताच आले नाही तेही शोधावे.’ खाली अपेक्षा होत्या. वेळेवर यावे. दुसरा बोलत असताना ऐकावे. दुसऱ्याचे उत्तर आपण देऊ नये. वर्ष सुरू झालं की सर साऱ्या वर्गाकडून मला मोठ्यानं वाचून घेत. तपासणीला आलेले साहेब मला वहीत उतरवून नेत. काय मान होता माझा!

सर निवृत्त झाले. मग माझ्या खिळ्याला छत्र्या आल्या, फळा पुसायची फडकी आली. ‘दुसरा बोलत असताना’ यावर पालीनं बिऱ्हाड केलं. मला कोणी वाचेना.

त्यांच्या जागी कुंदा मॅडम आल्या. तरुण, शिकलेल्या, आणि जिवाला सारखा घोर. त्यांची तीन वर्षांची अवनी बालवाडीत असे. मोबाइल टेबलावर उताणाच ठेवलेला. बालवाडीतून ‘अवनीनं डबा खाल्ला’ असा निरोप आला की मॅडमचे खांदे खाली येत. रोज अकराला हजेरीही त्या मोबाइलवरच घेत. नाव पुकारायचं, ‘हजर’ ऐकलं की बोट टेकवायचं, पुढचं नाव. बोट टेकताच त्या मुलाच्या घरी आपोआप निरोप जाई. मान वर करायची गरजच पडत नसे.

तिसऱ्या बाकावर रागिणी बसायची. शेंदूरजनाघाटच्या भगवंतरावांची ही मुलगी कॉलेजमागच्या गल्लीत खोली घेऊन एकटीच राहत होती. त्या सोमवारी तिचा बाक रिकामा होता.

“रागिणी?”

“हजर, मॅडम.”

मी पाहिलं. मागच्या बाकावरच्या सीमानं ओढणी तोंडाशी धरून आवाज दिला होता. रागिणीची जिवलग मैत्रीण ती. पंचाहत्तर टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून आमच्याकडे मैत्रिणीची हजेरी सांभाळणं हा मैत्रीचा धर्मच समजतात. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारपर्यंत त्या रिकाम्या बाकाकडून येणारा ‘हजर’ वर्गाच्या इतका अंगवळणी पडला की कोणी वळूनही बघेना.

शुक्रवारी सीमाची बस चुकली. नावं पुकारायला सुरुवात झाली तरी ती आली नव्हती.

“रागिणी?”

“हजर, मॅडम.”

आवाज बारीक होता, कोरडा होता. मॅडमचं बोट टेकलं, आणि त्याच क्षणी दारात धापा टाकत सीमा उभी राहिली. तिनं तो आवाज ऐकला होता.

“मॅडम, मी नाई म्हटलं.”

“तू कशाला म्हणशील? मी रागिणीला...” मॅडमनी मान वर केली. तिसरा बाक रिकामा.

“रोज मीच म्हनतो, मॅडम,” सीमा रडायला लागली. “चार-पाच दिवस गावाले जातो, माही हजेरी सांभाळ म्हने. पन आज म्या नाई म्हटलं. आईची आन.”

मागून गजेंद्र म्हणाला, “घ्या! इथं जित्या मानसाचे टक्के भरत नाई, अन् भूत रोज हजर हाये.”

कोणी हसलं नाही. तो स्वतःही नाही.

मॅडमनी वर्गातूनच फोन लावला. त्या शांततेत पलीकडचा शब्द न् शब्द मला ऐकू आला.

“भगवंतराव, रागिणी घरी पोचली ना?”

“घरी? थे कावून येईन, मॅडम? कॉलेज सुरू हाये नं.”

“सोमवारपासून ती...”

“मॅडम, तुमचाच तं मेसेज येते रोज. पोरगी हजर हाये म्हून. आता आला, पाहा ना. फोन लागत नाई तिचा, पन म्हटलं वर्गात हाये, मंग कायले घोर करा?”

मॅडम चपला सरकवत रागिणीच्या खोलीकडे धावल्या. शिपाई नितेशभाऊ त्यांच्यामागे.

पुढचं नितेशभाऊंनी सांगितलेलं. घरमालकीण कौशल्याबाई लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेलेल्या. खोलीला आतून कडी. दार उचकटलं तेव्हा गावाला न्यायची पिशवी भरून तशीच उंबऱ्याशी ठेवलेली, आणि रागिणी फरशीवर. सोमवारी पहाटे निघतानाच तापानं पडली होती. मैत्रिणीला वाटलं गावी आहे, गावाला वाटलं वर्गात आहे. डॉक्टर म्हणाले, उद्या आणली असती तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

पोरगी वाचली, मित्रांनो. महिन्यानं वर्गात आली, केस गळालेले, डोळे मोठे झालेले. आता मॅडम मोबाइल बाजूला ठेवून बाकाबाकाशी जातात, चेहरा बघतात, मगच नाव घेतात. ती आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत सीमानं वर्गातच रागिणीचा हात धरून माफी मागितली. मॅडमही तिथंच होत्या.

रागिणी सावकाश म्हणाली, “मले रोज माहं नाव आयकू ये. अकराच्या ठोक्याले. मॅडम, तुमच्याच आवाजात. मले वाटे, आपुन आवाज देला तं कोनी तरी येईन. पन मी तोंड उघडाच्या आंधीच कोनी तरी ‘हजर’ म्हनून टाके, अन् तुमी फुडच्या नावावर जा. चार दिवस असंच झालं. शुक्रवारी कोनीच म्हटलं नाई. मंग म्या म्हटलं.”

सीमाचा हात सुटला. मॅडम माझ्यावरच टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीचा थरकाप माझ्या फळ्यांत उतरला.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला याचा अर्थ लावता येत नाही. एक विनवणी मात्र करतो. सोबत्याची जागा रिकामी दिसली तर त्याच्या दारापर्यंत जाऊन या. त्याच्या वाटचं उत्तर तुम्ही देऊ नका. कदाचित तो कुठेतरी तोंड उघडून तुमच्या गप्प होण्याची वाट पाहत असेल.