बातमी देणारा डबा

गाडीच्या वायरिंगमध्ये शेंद्र्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी सांगत नाही, दुसऱ्यांनी बिघडवल्यावर माझ्याकडे आलेल्या गाड्या सांगतात.

परवा संध्याकाळी शीलाताई आल्या. इथल्याच एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहेत. त्यांच्या गाडीत बनतानाच बसवलेला सिमकार्डवाला डबा होता. गाडी कुठे आहे ते तो मोबाइलवर कळवतो आणि तो मोबाइल नवऱ्याचा. वर्ष झालं त्या वेगळ्या राहतात, तरी गुलमंडीच्या बाजारात कापड घ्यायला थांबल्या की हा थोड्या वेळात समोर हजर. गाडीवाल्या कंपनीला विचारलं तर म्हणे, आधी नोंदवलेल्या, म्हणजे नवऱ्याच्या, नंबरवरूनच बंद होईल. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्या दिवशी त्याची रात्रपाळी, म्हणून त्यांनी वेळ साधली होती.

"डबा काढा, बिभीषणभाऊ," त्या म्हणाल्या. "मला एकदा तरी एकटीनं कुठं जाऊ द्या."

आरसी पाहिली. गाडी त्यांच्याच नावावर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि चहा मागवला. त्या अस्वस्थ झाल्या. मी समजावलं, डबा डॅशबोर्डमध्ये एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना खेटून असतो, वीज उतरायला दहा मिनिटं द्यावी लागतात, चहा त्यासाठीच. गेल्या वर्षी एका शहाण्याने दम धरला नाही, एअरबॅग तोंडावर फुटली. नाक अजून वाकडं आहे. मग पॅनल उघडलं, डबा काढला, त्याच्या पोटातली छोटी बॅटरीही सोडवली. मोकळ्या वायरी टेप लावून बांधल्या. अपघातात मदत बोलावणारं बटण आता चालणार नाही, हेही बजावलं.

"चालंल," त्या म्हणाल्या. मी बॅटरीची वायर परत जोडली, त्यांनी गाडी सुरू केली, एअरबॅगचा दिवा लागून विझला, म्हणजे काम चोख. त्या गेल्या.

एक गोष्ट मात्र माझ्या शहाणपणातून निसटली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजवर गेलो तर नवरा शटरसमोर उभा. त्याच्या मोबाइलवर गाडीची खूण, डबा बंद पडला तिथेच, माझ्याच गॅरेजवर थांबलेली. त्याने आत पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. गाडी नाही. मग पहिल्यांदाच त्याला विचारावं लागलं, "शीला कुठं गेली?"

मला खरंच माहीत नव्हतं. एखादी गोष्ट माहीत नसल्याचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

"ताईंनाच विचारा," मी म्हटलं. "सांगावं वाटलं तर सांगतील."

त्याने फोन लावला नाही. त्या थांबलेल्या खुणेकडेच बघत उभा राहिला.