पांढरी पाचखालचा निळा पुठ्ठा

मित्रांनो, मी थेरगावची एक जुनी हार्मोनियम. घरातले मला पेटी म्हणतात. आधीच कबूल करते, माझ्यासारखी जळकुकडी पेटी तुम्हाला शोधून सापडायची नाही.

१९६२ साली पुण्याच्या एका कारागिराने मला घडवले आणि इकबालभाईंनी लेकीसाठी घरी आणले. त्यांचे स्कूटरदुरुस्तीचे गॅरेज होते. मुमताज तेव्हा पाच वर्षांची. तिचे हात पुरत नसत, म्हणून भाता अब्बा हलवायचे आणि पट्ट्या ती दाबायची. त्यांच्या ग्रीसच्या बोटांचे डाग अजून माझ्या भात्यावर आहेत. पुढची पंधरा वर्षे त्या घरात माझ्याइतके लाड कुणाचेच झाले नाहीत.

मग मुमताजने विद्यापीठात संगीताच्या जोडीला उद्योग-व्यवस्थापनाचाही अभ्यास सुरू केला. म्हणाली, "अब्बा, मला गाण्याची शाळा काढायचीय. काढली तर चालवताही आली पाहिजे ना?"

"शीक बेटा," अब्बा म्हणाले, "पण ज्यात नापास होशील, ते बंद."

व्यवस्थापनाचे, निळ्या पुठ्ठ्याचे एक जाडजूड पुस्तक घरात आले आणि माझ्याच झाकणावर बसले. डोक्यावर सवत! मुमताज तासन्‌तास ते वाचायची, लाल पेन्सिलीने रेघा मारायची. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. हिला त्या सवतीच्याच परीक्षेत अपयश येवो, असेही मनात आले. खोटे कशाला बोलू?

माझ्या, म्हणजे गाण्याच्या परीक्षेला दोन दिवस उरले, तरी हिचे डोके पुस्तकातच. मी ठरवले, जरा दुखणे काढायचे. पांढरी पाच ही पट्टी दाबली, की मी ती वर येऊ देईना. वाटले, आता येईल धावत. पण मुमताज वर्गाला गेलेली, आणि धावत आले अब्बा.

"एवढंच ना?" म्हणत त्यांनी गॅरेजातले तेल सगळ्या फटींत सोडले. अडलेल्या चाकावर त्यांचा हाच इलाज असे. सकाळपर्यंत लाकूड फुगले आणि पाच पट्ट्या जाम झाल्या.

"अब्बा, उद्या परीक्षा आहे! लाकडात तेल घालतात का?" मुमताज रडू लागली. अब्बांचा चेहरा पडला. मीही हादरले. ती गाण्यात नापास झाली, तर बंद मीच पडणार होते.

मुमताजने डोळे पुसले. वर्तमानपत्र पसरले, माझी एकेक पट्टी काढली आणि खडूने नंबर घातले.

"हे कुठं शिकलीस?" अब्बांनी विचारले.

"ह्या पुस्तकात. सुटा भाग काढला, की आधी नंबर."

पट्ट्या पुसून, वाळवून, घासून बसवल्या. फक्त पांढरी पाचखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापडाची गादी, तेलाने लिबलिबीत झाली होती. तिने इकडेतिकडे पाहिले, कात्री घेतली आणि पुस्तकाच्या निळ्या पुठ्ठ्याचा कोपरा कापून तिथे चिकटवला. माझ्या पोटात सवत!

परीक्षेत परीक्षक म्हणाले, "पेटी छान आहे. पांढरी पाच तर विशेष गोड." मला इतका राग आला म्हणून सांगू!

मुमताज दोन्हीकडे पास झाली. आता १९८२ साल आहे, तिची शाळा चिंचवडात भरते. मी आणि माझी सवत, दोघीही तिथेच असतो.

मित्रांनो, पेटीला तेल घालू नका, रोज भाता हलवा. आणि कुणाचा दोन गोष्टींवर जीव जडला, तर त्याला एक सोडायला लावू नका. माझे जळणे अजून गेलेले नाही. पण परवा एका नव्या मुलीने तो कापलेला कोपरा पाहून पुस्तक रद्दीत टाकायला काढले, तेव्हा 'अगं, नको!' असे पहिल्यांदा मलाच वाटले.