न टोचलेली सुई

मी रबराचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा, मऊ, माणसाच्या कातडीच्या रंगाचा. आता नेमक्या कोणाच्या कातडीचा, ते मला बनवणाऱ्या कारखान्यालाच ठाऊक. इन्सुलिनची सुई पोटात कशी टोचायची, याचा सराव लोक माझ्यावर करतात. म्हणून पेशंट मला खोटं पोट म्हणतात. म्हणोत बापडे. पण गेल्या आठवड्यात मी जे पाहिलं, त्याने अजून सुन्न आहे.

माझ्या मालकीणबाई म्हणजे मधुमेहाच्या ताई. औषध लिहून देतात डॉक्टर. ते घरी जाऊन कसं घ्यायचं, हे शिकवतात ताई. आमची खोली म्हणजे औषधांच्या खोक्यांची अडगळच. एक टेबल, तीन खुर्च्या, आणि दर पाच मिनिटांनी उघडणारं दार. "ताई, हा वजनकाटा जरा नेते हं." "ताई, दोन खोकी ठेवू का इथे?" एका पेशंटला दहा मिनिटं मिळतात. त्यात जेवण, पायांची काळजी, शुगर तपासणं आणि सुई, सगळं उरकायचं. पेशंटचं रडणं वेळापत्रकात नसतं, तरी तेही त्यातच. वर एखादा शहाणा विचारतो, "तुमचं काय बुवा, नुसतं बोलायचं काम." मला असा राग येतो! ताई मात्र हसून सोडून देतात.

वेळ वाचवायला ताईंनी एक सवय लावून घेतली होती. सकाळी आल्या की सरावाच्या पेनला, म्हणजे लिहायच्या पेनासारख्या दिसणाऱ्या इन्सुलिनच्या पिचकारीला, सुई लावून ते तयार ठेवायच्या. पेशंट बसला की पेन सरळ त्याच्या हातात. डोसचा आकडा फिरवा, टोचा, दाबा, दहा मोजा, काढा. झालं. नव्यांचा सराव आणि जुन्यांची उजळणी धरून दिवसाला वीस-पंचवीस वेळा मी टोचून घ्यायचो.

पाच महिन्यांपूर्वी शिंपीकाका आले, सोबत काकू. काकूंच्या चेहऱ्यावर काळजी, काका मात्र मजेत.

"सुईचं मला काय शिकवता, ताई? चाळीस वर्षं सुईवरच घर चाललंय माझं."

पहिल्याच फटक्यात त्यांनी मला इतकं सुरेख टोचलं की मीसुद्धा खूश झालो. ताईंनी घड्याळ पाहिलं. बाहेर नऊ जण ताटकळत होते. "काका, तुमचा हात चांगला आहे," असं म्हणून त्यांनी पुढच्याला हाक मारली.

महिन्याने काका परत आले. शुगर तशीच चढलेली. "दुखत मात्र अजिबात नाही हं," ते कौतुकाने म्हणाले. डॉक्टरांनी इन्सुलिनच्या बारा युनिटांचे वीस केले, पुढे विसाचे छत्तीस. शुगर ढिम्म हलेना. मग सगळ्यांना एकच संशय आला, की काका चोरून गोड खातात. काकू त्यांचे खिसे तपासू लागल्या. "घरात माझ्यावर पहारा बसलाय, ताई," एकदा काका खाली मान घालून म्हणाले. "देवाशपथ सांगतो, मी काही खात नाही." ताईंनी त्यांना पुन्हा जेवणाचा तक्ता दिला. खरं सांगतो, मलाही तेव्हा काका खोटं बोलताहेत असंच वाटलं होतं.

गेल्या मंगळवारी पायाच्या जखमेसाठी काकांना वॉर्डात भरती केलं. दुपारी जेवणाच्या वेळी सिस्टरने कागदावर लिहिलेला डोस दिला. छत्तीस युनिट, बरोबर मोजून. तासाभरात काका घामाने निथळले, बरळू लागले आणि त्यांची शुद्ध हरपली. शुगर अठ्ठावीसवर आली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. आणखी थोडा उशीर झाला असता तर काका हाती लागले नसते.

"घरी छत्तीस घेऊन शुगर चारशे, आणि इथे त्याच छत्तीसने हे?" डॉक्टर चक्रावले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी मला उचललं आणि काकांच्या पलंगापाशी नेलं.

"काका, घरी घेता तसं अगदी पहिल्यापासून करून दाखवा. घाई नाही."

काकांनी स्वतःचं पेन घेतलं, नवी सुई फिरवून बसवली, वरची मोठी टोपी काढली, आकडा फिरवला, पेन माझ्यावर टेकवून दाबलं आणि दहा मोजले. मी टोचायची वाट बघतोय, तर टोचतंय कुठे? प्लास्टिकचं एक बोथट टोक नुसतं रुतलं आणि माझ्या अंगावरून थेंब ओघळले.

"थोडं ओलं होतं," काका म्हणाले, "पण दुखत नाही."

ताईंनी पेन हातात घेऊन नखाने आतली बारीक टोपी उपसली. आत सुई होती, केसासारखी. काका बघतच राहिले.

"ही सुई? मग मी इतके दिवस काय टोचत होतो? तुम्ही दिलेल्या पेनला तर टोपी नव्हती, ताई."

खरंच नव्हती. ती सकाळीच काढलेली असायची. मला तरी कुठे माहीत होतं की सुईला आत आणखी एक टोपी असते! माझ्यापर्यंत सुई नेहमी उघडीच आली होती. पाच महिन्यांत औषधाचा एक थेंबही काकांच्या अंगात गेला नव्हता, आणि आम्ही सगळे त्यांनाच खोटं पाडत होतो.

"आणि मी यांचे खिसे तपासत होते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

घडल्या प्रकाराचा कागद भरायचा होता. "पेशंटची चूक असं लिहा, विषय मिटेल," वरच्या साहेबांनी सुचवलं. ताईंनी मात्र लिहिलं: शिकवण्यातली चूक. खाली सही केली. यावरून त्यांना जाब विचारतील, कदाचित कामावरून काढतीलही. त्याची मला भीती वाटते. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे.

एक मागणं आहे माझं. कोणाला काही शिकवलंत, तर त्याच्याकडून ते पहिल्यापासून करवून घ्या, आणि शिकवणाऱ्याला तेवढा वेळ द्या.

कालपासून ताई दार लावून फोन करताहेत. त्या पेनवर शिकून गेलेल्यांची यादी काढली आहे, सत्तावन्न नावांची. प्रत्येकाला एकच प्रश्न, "सुई लावल्यावर टोप्या किती काढता?" एकतीस जणांशी बोलणं झालं. त्यातले चौघं म्हणाले, "एकच की." सव्वीस जणांचे फोन अजून लागायचे आहेत.